थोरली चेटकीण

मध्यंतराचा पडदा पडला आणि चेटकिणीचा आवाज गेला.

गेला म्हणजे घोगरा झाला, बसला, असं नव्हे. पहिल्या अंकाच्या शेवटी साऱ्या राज्याला शाप देताना धाकटीने तिची ती नावाजलेली किंकाळी फोडली, हॉलभरची पोरं खुर्चीत मागे सरकली, आणि किंकाळी मध्येच कच्च्या दोऱ्यासारखी तुटली. प्रेक्षकांना वाटलं, शापच तसा असेल. पण मेकअप रूममध्ये येऊन तिने बोलायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. ती पाणी प्यायली, तिने घसा चोळला, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा.

"आठवडाभर सांगतेय, डॉक्टरकडे जा म्हणून," थोरली म्हणाली.

थोरली तेव्हा आरशासमोर बसून मुकुट उतरवत होती. तिचं आजचं काम आटोपलं होतं. नाटकात ती राणी होती, आणि गोष्टींतल्या राण्यांचं ठरलेलं असतं. लेकीला एक अंगाई म्हणायची, तिच्या कपाळावरून हात फिरवायचा आणि मरून जायचं. त्यांनी मार्ग मोकळा केल्याशिवाय गोष्टीचं गाडं पुढे सरकतच नाही. थोरली वर्षानुवर्षं अशी मरत आली होती. कधी राणी, कधी लाकूडतोड्याची बायको. एकदा हंसीण होती, तीही पहिल्याच प्रवेशात गेली. त्यानंतर बाकीचं नाटक ती मेकअप रूममध्ये बसून ऐकायची आणि शेवटी नमस्कारापुरती पुन्हा जिवंत व्हायची.

धाकटी तिच्या पाठची बहीण. ती मात्र या नाटक कंपनीची चेटकीण. राक्षसीण, सावत्र आई, विषारी म्हातारी, असलं जे जे असेल ते तिचं. थोरलीने एकदा, एकदाच, दिग्दर्शकाला विचारून पाहिलं होतं. तो हसून म्हणाला होता, "ताई, तुमचा चेहरा बघून मुलांना दुधावरची साय आठवते. तुम्हाला कोण घाबरणार?" थोरलीही हसली होती. विषय तिथेच मिटला होता.

कोणाला ठाऊक नव्हतं, की चेटकिणींचं वेड मुळात तिचंच. लहानपणी दोघी बहिणींच्या खोलीत परीकथांचं एक जाडजूड पुस्तक होतं. थोरली वाचायची, धाकटी पांघरुणातून डोळे बाहेर काढून ऐकायची. त्या गोष्टींत राजकन्या झोपून असायची, राजपुत्र घोड्यावरून यायचा, राजा उसासे टाकायचा. हातपाय हलवायची ती एकटी चेटकीण. काढे उकळायचे, जंगल राखायचं, वेश पालटून दारोदार फिरायचं, शाप द्यायचे तेही असे घट्ट विणलेले, की बोट शिरायला फट राहू नये. आणि एवढं राबून शेवटी हरायचं. थोरलीला तिची फार कणव यायची, आणि तिचा हेवाही वाटायचा. चेटकिणीचं बोलणं ती असं वाचायची, की धाकटी पांघरुणात गुडूप व्हायची.

मेकअप रूममध्ये आता सगळे जमले. दिग्दर्शक आला. तो एरवीही कधी बसत नसे, आता तर एका जागी उभाही राहीना. राजा आला, अर्धी दाढी सोडवलेला. राजकन्या आली, एक वेणी घातलेली आणि एक मोकळी. ही राजकन्या म्हणजे थोरलीची सून. कंपनीत अभिनय करता करता थोरलीच्या मुलाशी तिची गाठ पडली आणि लग्न झालं.

"हॉल खचाखच भरलाय," दिग्दर्शक म्हणाला. "चार शाळांची मुलं आहेत. प्रयोग अर्ध्यात सोडला तर खुर्च्या उपटून नेतील. असं करू, ही नुसतं तोंड हलवेल, संवाद विंगेतून कोणीतरी म्हणा."

"मी म्हणतो," राजा म्हणाला. त्याचा आवाज रिकाम्या पिंपात दगड टाकावा तसा होता.

"चेटकिणीला मिशा फुटतील," दिग्दर्शक म्हणाला.

"मी करते," थोरली म्हणाली.

ते इतकं हळू होतं, की कोणाच्या कानावर गेलं नाही. तिने मुकुट टेबलावर ठेवला आणि उठून उभी राहिली.

"मी करते चेटकीण. संवाद मला पाठ आहेत."

पाठ असणारच. धाकटी वरच्याच मजल्यावर राहायची आणि तालमीआधी खाली थोरलीच्या ओट्यापाशी उभी राहून संवाद घोकायची. भांडी विसळता विसळता राजकन्येची वाक्यं थोरली म्हणायची. धाकटी घरी गेली, की चेटकिणीचीही म्हणायची, नळ सोडून, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये.

दिग्दर्शकाच्या तोंडावर ती साय पुन्हा तरळून गेली, हे थोरलीला स्पष्ट दिसलं. पण धाकटी बहिणीकडे टक लावून बघत होती. मग तिने आपल्या चेहऱ्यावरचं ते लांबलचक, पोपटाच्या चोचीसारखं रबराचं नाक हळूच सोलून काढलं आणि थोरलीच्या हातात ठेवलं. काळा झगा उतरवला. थोरलीच्या कानाशी तोंड नेऊन, होती नव्हती तेवढी हवा गोळा करून ती म्हणाली, "घाई करू नको, ताई. त्यांना ताटकळत ठेव."

सून अजून दारातच होती. "आई, तुम्ही?"

या सासूसुनांमध्ये कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. शेजारीपाजारी त्याचं कौतुक करायचे. खरी गोष्ट अशी होती, की दोघी एकमेकींना काचेच्या भांड्यासारख्या जपायच्या, आणि काचेच्या भांड्याशी कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

"आत्ता मला आई म्हणू नकोस," थोरली नाकाला गोंद लावत म्हणाली. "माझा राग राग कर."

"जमवते," सून म्हणाली. ते तिने जरा फारच पटकन म्हटलं, असं थोरलीला वाटून गेलं.

तिसरी घंटा झाली. थोरली विंगेत येऊन उभी राहिली. गुडघे नेहमीसारखे कुरकुरत होते. समोर रंगमंचावर निळा अंधार, धूर, मधोमध दगडी कठड्याची विहीर. ती विहीर म्हणजे रंगमंचाला पाडलेलं भोक, खाली गाद्या टाकलेल्या. नाटकाच्या शेवटी चेटकिणीने त्यात मागच्या मागे पडायचं असतं. हे तिला आत्ता आठवलं. पण आता आठवून उपयोग नव्हता.

ती धुरात शिरली. घाई केली नाही. एक पाय टाकला, दुसरा ओढत आणला, थांबली. मुलांची कुजबुज सुरू होती, कागदी पिशव्या वाजत होत्या. ती थांबूनच राहिली. एकेक पिशवी वाजायची बंद झाली. पार मागच्या रांगेत कोणी शिंकलं, तेही दबकत. मग ती हसली.

ते हसू कुठून आलं ते तिचं तिला कळलं नाही. तालमीतलं धाकटीचं हसू उंच आणि धारदार होतं. हे खालून आलं, पोटातून, सावकाश, जिन्यावरून कोणी चढत यावं तसं. पहिल्या रांगेतल्या मुलाने पाय वर घेतले. थोरलीने ते पाहिलं आणि तिच्या अंगावर आनंदाचा काटा आला.

या चेटकिणीने अख्ख्या राज्याची झोप चोरून एका पोत्यात भरली होती. राजकन्या ती परत मागायला आली, तेव्हा थोरलीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"झोप हवी? कोणाची देऊ? न्हाव्याची आहे, पण तिच्यात रात्रभर कात्री वाजते. पहारेकऱ्याची आहे, ती उभ्यानेच घ्यावी लागते. आणि ही बघ, तान्ह्या बाळांची. ही नाही द्यायची. ही मी माझ्या उशीत भरते."

हॉलमध्ये सुई पडली असती तरी ऐकू आली असती. विंगेतून दिग्दर्शक वाकून बघत होता, आणि जन्मात पहिल्यांदा एका जागी उभा होता. थोरली आता कोणाची वाट बघत नव्हती. प्रत्येक शब्द तिच्या जिभेवर आधीच येऊन बसलेला होता. ती कढईकडे गेली, पळी फिरवू लागली, काढ्यात डोकावून पाहायला वाकली, आणि तिथेच घात झाला.

नाक धाकटीच्या चेहऱ्याच्या मापाचं होतं. थोरलीला घाम आला होता. गोंदाने दगा दिला. नाक सुटलं आणि रिकाम्या कढईत पडलं. टप्प असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मग तिसऱ्या रांगेतली एक चिमुरडी स्वच्छ आवाजात म्हणाली, "अरे, ही तर राणी आहे."

"राणी मेली ना?"

"मग हिचं भूत असेल."

"भूतबीत काही नाही," एक शहाणा मुलगा म्हणाला. "यांच्याकडे माणसं कमी आहेत."

हॉल खदखदून हसला. नाटक मरतं ते असं. किंचाळून मरत नाही, हसून मरतं. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. दिवेवाल्याने अंधार करण्यासाठी बोट बटणावर नेलं. सून विहिरीपाशी तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी होती.

थोरली हलली नाही. त्यांना ताटकळत ठेवलं. हसण्याची लाट चढली, फुटली, ओसरायला लागली. तेव्हा ती सावकाश उजेडाकडे वळली. एक हात वर नेऊन तिने स्वतःचा गाल चिमटीत धरला आणि दुकानात कापडाचा पोत बघावा तसा बोटांनी चाचपला.

"बसतो ना नीट?" तिने विचारलं. तोच अंगाईवाला आवाज, राणीचा, मऊसूत. "आधी जरा सैल व्हायचा. आता अंगवळणी पडलाय."

हसू कापल्यासारखं थांबलं.

"राणी गेली तेव्हा तुम्ही सगळे रडत होतात," ती तिसऱ्या रांगेतल्या चिमुरडीकडे बघत म्हणाली. "डोळे पुसत होतात. तेवढ्यात मी घेतला. एवढा छान चेहरा, वाया कशाला घालवायचा?" आणि शेवटच्या शब्दावर आवाज फिरला. राणीच्या तोंडातून चेटकीण बोलली.

कोणीतरी बारीक किंचाळलं. पोरं एकमेकांना चिकटली. शहाण्या मुलाने शेजाऱ्याचा हात धरला होता.

आता राजकन्येचं वाक्य होतं, 'दुष्ट चेटकिणी, मी तुला घाबरत नाही.' पण हे वाक्य आता कोणाच्याही उपयोगाचं राहिलं नव्हतं. सून दोन पावलं पुढे आली.

"तो परत दे," ती म्हणाली.

"काय?"

"चेहरा. तो माझा आहे."

"तुझा कसा? तुझ्या आईचा."

"आईचा म्हणजे माझाच." तिचा आवाज खरोखर थरथरत होता. ही मुलगी घरात चहात साखर कमी पडली तरी सांगत नाही, थोरलीच्या मनात आलं, आणि आज डोळ्यांत निखारे आहेत. तिला इतकं बरं वाटलं की ती आणखी दुष्ट झाली. तिने दोन्ही हात पसरले आणि गोड आवाजात म्हणाली, "रागावलीस? ये बाळ, इकडे ये. दमली असशील."

"जाऊ नको," अर्धा हॉल ओरडला.

"जा, ती आईच आहे," उरलेला अर्धा ओरडला.

मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. शिक्षक त्यांना बसवत होते आणि स्वतः मान उंचावून बघत होते. नाटक रुळावरून केव्हाच उतरलं होतं आणि रूळ नसतानाच भरधाव निघालं होतं. सासूसुना विहिरीभोवती एकमेकींना घेरत फिरत होत्या. शेवटी थोरली कठड्याला पाठ लावून उभी राहिली. आता ढकलायचं. संहितेत एवढंच होतं: ढकलते. सुनेने हात उगारले, आणि ते तसेच राहिले.

कारण तेवढ्यात एक बारीक रडवेला आवाज आला, "आईला नको ना ढकलू."

आपण विणलेल्या जाळ्यात आपणच अडकलो, हे थोरलीला दिसलं. ढकललं तर एवढी सगळी मुलं आज घरी जाणार ती आईला विहिरीत लोटलेलं बघून. नाही ढकललं तर चेटकीण जिंकते आणि राज्य जागंच राहतं. तिने मन दौडवलं, इकडे, तिकडे. फट सापडेना. शाप फारच घट्ट विणला होता.

फट सुनेला सापडली. तिने हात खाली घेतले.

"तू माझी आई आहेस?" तिने विचारलं. "मग माझी अंगाई म्हण."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. सुनेच्या एका भुवईची किंचित हालचाल झाली, आणि थोरलीला सगळं एका झटक्यात कळलं. अंगाई चेटकिणीला येता कामा नये. पण लगेच चुकूनही चालणार नव्हतं.

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ जशीच्या तशी, जन्मभर म्हणत आली तितकी गोड:

"नीज गं चिमणे, नीज आता..."

हॉल विरघळला. रडणारं मूल थांबलं. सुनेचा चेहरा क्षणभर असा पडला, की ही खरंच फसली की काय, असं थोरलीलाही वाटलं. दुसरी ओळ होती, 'चंद्र उभा गं उशाशी'.

"चंद्र..." थोरली अडखळली. डोळे उघडले. "चंद्र... चंद्र घालते पोत्यात."

आणि सूरही असा सोडला, गंजलेल्या बिजागरीसारखा, की अंगावर शहारा यावा. आयुष्यात ती कधी बेसूर गायली नव्हती. बेसूर गाण्यात इतकी मजा असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"चुकली, चुकली," तिसऱ्या रांगेतली चिमुरडी उड्या मारत ओरडली. "ही आई नाहीये."

"ढकल," सगळा हॉल एका आवाजात म्हणाला.

सुनेने ढकललं. खोटंखोटं नाही, दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. थोरली हसत हसत मागच्या मागे गेली. वरचा उजेड एका गोल ठिपक्याएवढा झाला आणि ती गादीवर धप्पकन आपटली. वर पायांचा नुसता धुमाकूळ उठला होता, फळ्यांमधली धूळ तिच्या तोंडावर पडत होती. त्या गदारोळातून सुनेचा आवाज आला, "बघा, आईचा चेहरा पाण्यात परत आलाय. आता तो कोणी नेणार नाही." पोतं उघडल्याचा आवाज झाला, आणि राज्यातले सगळे लोक मोठमोठ्याने घोरू लागले. पोरं हसून लोळायला लागली.

अंधारात कोणीतरी तिचा हात धरला. धाकटी होती. थोरलीच्या गुडघ्यांच्या काळजीने ती आधीच गादीपाशी येऊन बसली होती.

"लागलं?" नुसत्या हवेने तिने विचारलं.

"काही नाही लागलं."

"चेहरा चोरला, हे कुठून काढलंस?"

"आपल्या त्या पुस्तकातून नाही. पण तुला त्यातलं म्हणून जे वाचून दाखवायचे ना, त्यातलं निम्मं पुस्तकात नव्हतंच."

धाकटीने बहिणीच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. ओरडता येत नसल्यामुळे तिला तेवढंच करता आलं.

पडदा पडल्यावर ती चिमुरडी वडिलांचं बोट धरून मेकअप रूमच्या दारापर्यंत आली. आत यायला तयार नव्हती. तिने थोरलीला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही आत्ता कोण आहात?"

"तुला कोण हवंय?"

मुलीने विचार केला. "चेटकीण," ती म्हणाली. "पण तिथूनच."

थोरलीने तिथूनच एकदा हसून दाखवलं. मुलगी आनंदाने किंचाळत पळाली, वडील तिच्यामागे.

दिग्दर्शकाने जाहीर करून टाकलं, की यापुढे नाटक असंच होणार, चेहऱ्याच्या चोरीसकट. खरी अडचण आठवड्याने आली, धाकटीचा आवाज परतला तेव्हा. ती खाली आली, ओट्यापाशी उभी राहिली आणि नेहमीसारखी म्हणाली, "चल ताई, संवाद घेऊ. शनिवारी प्रयोग आहे."

आजवर थोरलीने बहिणीला खेळणी दिली, खिडकीजवळची जागा दिली, भूमिका दिल्या. तिने नळ बंद केला.

"चेटकीण मला हवी आहे," ती म्हणाली.

धाकटीला आधी वाटलं गंमत आहे. मग कळलं, नाही. ती तरातरा वर निघून गेली आणि दोन दिवस जिन्यात समोर आली तरी भिंतीकडे बघून उतरायची. तिसऱ्या दिवशी स्वतःच आली. "एक तू, एक मी," ती दारातूनच म्हणाली. "आळीपाळीने."

"चालेल. पण जी चेटकीण होईल तिनेच राणी व्हायचं. चेहरा एकच लागतो."

"म्हणजे मी अंगाई म्हणायची?"

"गोड म्हणायची."

धाकटीने असा चेहरा केला, जसं कोणी तिला विष प्यायला सांगितलं होतं.

घरातही वारं फिरलं होतं. सकाळी सून डबा भरता भरता म्हणाली, "आई, त्या दिवशी मी जोरात ढकललं का?"

"जोरात ढकललंस. पुढच्या वेळी खांद्यांना धर, म्हणजे सरळ पडेन."

"बरं." सून थोडा वेळ झाकणाशी खेळत राहिली. "आणि एक सांगू? तुम्ही माझ्या कपाटातल्या कपड्यांच्या घड्या घालता ना, त्या नका घालत जाऊ. मला काही म्हणजे काही सापडत नाही."

"मग पसारा तसाच बघत बसू?"

"दार लावून घ्या."

आतल्या खोलीतून थोरलीचा मुलगा घाबरून बाहेर आला. या घरात दोन बायका एकमेकींवर आवाज चढवताना त्याने पहिल्यांदाच ऐकल्या होत्या. दोघींनी त्याला हाताने परत आत पाठवलं आणि पुढे भांडत बसल्या.

धाकटीच्या पहिल्या प्रयोगाला थोरलीला काहीच काम नव्हतं. ती मेकअप रूममध्ये न बसता तिकीट काढून पोरांच्या मधोमध जाऊन बसली. धाकटीची राणी जरा रागीटच झाली, आणि तिने मरायलाही फार वेळ लावला. पण मध्यंतरानंतर धूर पसरला, विहिरीमागून ती काळी आकृती निघाली आणि कढईपाशी जाऊन उभी राहिली. धाकटीने नाक पडू दिलं नाही. तिने ते स्वतःच्या हाताने, बोटांच्या चिमटीत धरून, हळूहळू सोलून काढलं. खालून राणीचा चेहरा इंचाइंचाने बाहेर आला आणि त्या चेहऱ्याने प्रेक्षकांकडे बघून जिभेने ओठ चाटले.

थोरलीला पुढचा शब्द न् शब्द माहीत होता. तरी तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. शेजारच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग जरा सरकून तिच्या मनगटावर हात ठेवला.

"घाबरू नका, आजी," तो कुजबुजला. "मी आहे."

"बरं झालं बाबा," थोरली म्हणाली. ती खरोखरच घाबरली होती.